ब्लर मारू काय, भाऊ?

फोटो काढताना ‘जरा हसा’ म्हणणारे लोक आता कमी झाले. त्यांच्या जागी ‘ब्लर मारू काय, भाऊ?’ म्हणणारे आले. ऐकायला हा प्रश्न वाटतो, पण उत्तराची वाट कोणी बघत नाही. तुम्ही ‘म्हणजे काय?’ म्हणेपर्यंत तुमच्या मागची भिंत, भिंतीवरची बियाण्याची जाहिरात, भिंतीला टेकवलेली सायकल आणि सायकलच्या कॅरिअरवर बसलेलं कुणाचं तरी पोरगं, सगळं पुसलं गेलेलं असतं. उरता तुम्ही एकटे. तेही दोन्ही कानांसकट असालच, असं नाही.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्यागणिक असा एक तरी इसम सापडतोच. पुसदला आहे, वणीला आहे, उमरखेडला तर दोन असावेत आणि त्यांचं आपसांत पटत नसावं. मी सांगतोय तो दारव्ह्याचा. त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकात सुखरूप आहे. गावात सगळे त्याला ब्लरभाऊ म्हणतात. वय तिशीच्या अलीकडे, पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, लॅपटॉपचं चार्जर मात्र नेहमी दुसऱ्याकडून मागितलेलं. ओळखायची खूण एकच. तुमच्याशी बोलताना तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही, खांद्यावरून मागे बघतो. आपल्याला वाटतं, मागून कोणी येतंय. आपण वळून पाहतो, तर मागे पानठेला. कोणी येत नसतं. यातलं काय काय उडवावं लागेल, याचा तो अंदाज घेत असतो.

वडिलांचा एसटी स्टँडाजवळ फोटो स्टुडिओ. जोडीला थोडं वावर. म्हाताऱ्याचा सगळा धंदा मागच्या पडद्यांवर उभा राहिला. पडदे दोन. एकावर संगमरवरी जिना आणि पिवळा चंद्र, दुसऱ्यावर काश्मीरचं तळं. दारव्ह्यातली दोन पिढ्यांची जोडपी त्या तळ्याच्या काठाशी उभी राहिली, त्यातली निम्मी कधी अमरावतीच्या पुढे गेली नव्हती. नेगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवून देवीचे वण भरून काढायचे, नवरीचा रंग एक छटा उजळ करायचा, हे काम म्हाताऱ्यानं डोळ्याला भिंग लावून आयुष्यभर केलं. गिऱ्हाइकाच्या मागे जे नाही ते आणून उभं करायचं, ही बापाची विद्या. जे आहे ते घालवायचं, ही पोराची. घरात तंटा पेटला तो इथे.

पोराला हे वेड लागलं 2020 साली. अमरावतीला इंजिनिअरिंग करून तो पुण्याला एका कंपनीत चिकटला होता. टाळेबंदीत सगळ्यांबरोबर गावी आला. त्या वर्षी कापसाची खरेदी मधेच थांबली आणि विदर्भातल्या कितीतरी घरांत कापूस तसाच पडून राहिला. यांच्याही. पुढची खोली छताला लागेपर्यंत कापसानं भरली, आणि घरात मोबाईलला रेंज यायची ती फक्त त्याच खोलीत. म्हणजे कंपनीची मीटिंग कापसाच्या गंजीला पाठ लावूनच करावी लागे. घरात साठवलेला कापूस अंगाला किती खाजतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. साहेब इंग्रजीत तिमाहीचा हिशोब मांडताहेत आणि हा पडद्यावर मान खाजवतोय.

मग त्याला ते बटण सापडलं. मागचं धूसर करायचं. दाबलं, आणि कापूस गेला. मागे नुसता पांढरा, मऊ उजेड. पुण्याच्या एका सहकारी मुलीनं विचारलं म्हणे, घराला नवा रंग दिलास का? तो ‘हो’ म्हणाला. आपल्या मागे जे आहे ते लोकांना दिसलंच पाहिजे असं नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि तिथून तो कामातून गेला.

एकच अडचण होती. ते बटण माणूस ओळखतं. माणसाचा आकार दिसला की त्याला हात लावायचा नाही, बाकीचं पुसायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. त्यामुळे कापूस पुसला जाई, कोनाड्यातला फोटो पुसला जाई, खुंटीवरचं धोपट पुसलं जाई. पण आई सूप घेऊन आत आली की पदरासकट लख्ख दिसे. ‘अरे, त्या कापसाले पाठ लावू नोको, खाजते ना बाप्पा,’ हे तिचं वाक्य साहेबांनी, सहकारी मुलीनं आणि मुंबईच्या गिऱ्हाइकानं एकदम ऐकलं. नवा रंग त्या दिवशी उडाला. पुढे नोकरीही सुटली, पण त्याचा आईशी संबंध नव्हता.

गावातच राहायचं ठरल्यावर त्यानं स्टुडिओचा एक कोपरा धरला आणि स्वतःचा ब्लर स्वतः लिहायला घेतला. तयार सॉफ्टवेअर होतंच की. इंटेल कंपनीत 1999 साली सुरू झालेली ओपनसीव्ही नावाची लायब्ररी आहे, कुणालाही फुकट मिळते, आणि तिच्यात हे काम एका ओळीत होतं. पण एका ओळीत झालेल्या कामाला ब्लरभाऊ काम मानत नाही. टपरीवर बसून तो हे रोज कुणाला तरी समजावत असतो. समोर कोण आहे, याला महत्त्व नाही.

“हे पाय, फोटो म्हंजे नुसते ठिपके. हरेक ठिपक्याले एक आकडा. आता ब्लर म्हंजे काय, तं ठिपक्यानं आजूबाजूच्यायले विचारायचं, बाप्पा, तुमचा आकडा काय हाय? सगळ्यायची सरासरी काढायची, आन् आपला आकडा सोडून थो धरायचा. जवळच्याचं जास्त ऐकायचं, दूरच्याचं कमी.”

बाकावर बिडी ओढत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हे सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे सोताचं काहीच ठरवायचं नाही. शेजाऱ्यानं कपाशी लावली तं आपुन कपाशी, त्यानं सोयाबीन पेरलं तं आपुन सोयाबीन. हे तं आमच्या गावात पयलेपासून सुरू हाय. त्याले कंप्युटर कायले लागते?”

ब्लरभाऊनं म्हाताऱ्याच्या मागचं लिंबाचं झाड डोळ्यांनी मोजलं आणि विषय बदलला.

जवळच्याचं जास्त, दूरच्याचं कमी, किती जास्त आणि किती कमी, हे ज्या घंटेसारख्या रेषेवरून ठरतं ती रेषा कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाच्या नावानं ओळखली जाते. ब्लरभाऊच्या लेखी हा घरचा माणूस, ‘गाउसबाबा’ म्हणतो. युरो येण्याआधी जर्मनीच्या 10 मार्कांच्या नोटेवर गाउसचं चित्र होतं, शेजारी ती रेषा होती, आणि मागे त्याच्या ग्योटिंगेन गावातल्या इमारती होत्या. सगळ्या खिडक्यांसकट सुबक कोरलेल्या. गाउसच्या मागचं कुणी धूसर केलं नाही. हे मी एकदा ब्लरभाऊला सांगितलं. तो म्हणाला, “तवा टेक्नॉलॉजी नव्हती.”

आजूबाजूचे किती ठिपके विचारात घ्यायचे, हेही ठरवावं लागतं. त्याला खिडकी म्हणतात, आणि तिचा आकडा विषमच लागतो, कारण ज्याच्यासाठी सरासरी काढायची तो ठिपका नेमका मधे बसला पाहिजे. ओपनसीव्हीला 50 सांगितलं तर ती चूक दाखवून थांबते. 51 सांगितलं की चालते. आपल्याकडे आहेराच्या पाकिटात 50 घालत नाहीत, 51 घालतात, 101 घालतात. त्यामुळे हा नियम दारव्ह्यात कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. उलट ‘एवढ्या साध्या गोष्टीले इंजिनिअरिंग कायले करावं लागलं’ असं त्याच्या काकानं विचारलं.

तर 51. म्हणजे लांबी 51, रुंदी 51, एका ठिपक्यासाठी 2,601 शेजारी. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत ठिपके 1 कोटी 20 लाख. गुणाकार करून पाहा, 3,121 कोटी होतात, आणि हे एका रंगाचं झालं. फोटोत रंग तीन. ब्लरभाऊनं पहिला फोटो संध्याकाळी लावला. लॅपटॉपचा पंखा जो ओरडायला लागला, तो रात्रीच्या जेवणाला ओरडतोय, म्हातारा झोपायला गेला तरी ओरडतोय. पहाटे वीज गेली. सकाळी सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या रात्री त्याला कुठेतरी वाचायला मिळालं की या गाउसच्या सरासरीत एक सोय आहे. सगळे शेजारी एकदम विचारायची गरज नाही. आधी फक्त आडवे 51 घ्यायचे, जे येईल त्यावर पुन्हा फक्त उभे 51. उत्तर तेच येतं, आणि 2,601 च्या जागी 102 वर भागतं. आनंदानं त्यानं गल्लीत पेढे वाटले. मुलगा झाला की काय, म्हणून शेजारीण बाळंतविडा विचारायला आली. अजून लग्नच नाही, हे तिला नंतर आठवलं.

फोटोच्या अगदी कडेला असलेल्या ठिपक्याला एका बाजूला शेजारीच नसतात. त्या जागी काय धरायचं, हे प्रोग्रॅमला सांगावं लागतं. यानं सांगितलं नव्हतं, म्हणून तिथे शून्य धरलं गेलं, आणि शून्य म्हणजे काळा. फोटोच्या चारी कडा काजळल्या. गिऱ्हाइकानं विचारलं तर ‘इफेक्ट हाय’ म्हणाला आणि 20 रुपये जास्त लावले. नंतर चूक सुधारली. लोक अजून तो इफेक्ट मागतात.

पण धूसर करणं हे यातलं सोपं काम. माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं, हे ठरवणं अवघड. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत रोदर, कोल्मोगोरोव आणि ब्लेक या तिघांनी 2004 साली ग्रॅबकट नावाची एक युक्ती काढली. माणसाभोवती एक चौकट आखायची. चौकटीबाहेरचं सगळं मागचं, हे नक्की. आतले रंग बाहेरच्या रंगांशी ताडून, कडा शोधून, प्रोग्रॅम माणूस कापून काढतो. युक्ती नामी आहे, पण केंब्रिजमध्ये चुन्यानं रंगवलेल्या भिंतीपुढे पांढरी टोपी आणि पांढरं धोतर घालून कुणी उभं राहत नसावं. दारव्ह्यात राहतात. पहिल्या महिन्यात ब्लरभाऊच्या हातून तीन आजोबा टोपीला मुकले, आणि एकाचं धोतर गुडघ्यापासून खाली भिंतीत गेलं.

नंतर त्यानं हजारो फोटो पाहून माणसाचा आकार शिकलेलं नव्या पद्धतीचं मॉडेल आणलं. टोप्या परत आल्या. चष्म्याच्या काड्या मात्र येतात जातात. मोकळ्या केसांच्या मुली तो टाळतोच. एकेका बटेमधून मागचं डोकावतं आणि डोक्याभोवती मळकट कडं तयार होतं. सगळ्यात दगा देते ती कमरेवर ठेवलेल्या हाताची जागा. कोपर आणि कंबर यांच्यामधल्या त्रिकोणात मागचं दिसतं, आणि मॉडेल त्या त्रिकोणालाही माणूसच समजतं. बाजार समितीच्या एका संचालकाचा फोटो मी पाहिलाय. उजवा हात कमरेवर, छाती पुढे. मागे अख्खं यार्ड धुक्यात गेलेलं, आणि कोपराच्या त्रिकोणात एका बकरीचं तोंड. फक्त तोंड. कान, डोळे, दाढीचा एकेक केस इतका स्वच्छ की संचालकांपेक्षा तीच सुंदर आली होती. तिची मान त्रिकोणाच्या कडेशी संपत होती. संचालकांनी तो फोटो नाकारला नाही, कारण त्यात त्यांचं पोट कमी दिसत होतं.

म्हातारा हे सगळं काउंटरमागून बघत असे. तो कमी बोलतो. एक दिवस पासपोर्टच्या फोटोला आलेल्या गिऱ्हाइकाला त्यानं बाहेर अंगणात नेलं, भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या त्या माणसाला “चार पावलं पुढं ये जी,” म्हणाला, आपला जुना कॅमेरा काढला, भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं आणि जवळ जाऊन चेहऱ्यावर नेम धरला. भिंत आपोआप विरली. गुणाकार शून्य, वीज शून्य.

“हे काय हाय?” त्यानं पोराला विचारलं.

ब्लरभाऊ म्हणाला, “थे ऑप्टिकल हाय, बाबा.”

“मंग तुह्यं काय हाय?”

म्हाताऱ्याच्या पद्धतीत आणखीही एक गंमत होती, ती ब्लरभाऊला कबूल करायला महिना लागला. भिंगानं जे धूसर होतं ते अंतराप्रमाणे होतं. पायाजवळची जमीन स्पष्ट, जरा मागची थोडी कमी, भिंत अगदी विरळ. ब्लरभाऊच्या प्रोग्रॅमला अंतर कळत नाही. माणूस सोडून सगळं एका मापानं पुसतो, पायाखालची मातीसुद्धा. त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं अधांतरी उभी असतात. सरपंच, सभापती, मुख्याध्यापक, कुणाचेच पाय जमिनीला लागत नाहीत. 2016 च्या आयफोन सेव्हन प्लसला दोन भिंगं बसवली ती यासाठीही. दोन्हींतून दिसणाऱ्या चित्रांतला फरक काढला की अंतर समजतं. हे ब्लरभाऊला ठाऊक आहे. त्याच्याकडे तो फोन नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्याशी तो बोलत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. खरं भांडण त्याचं जिल्ह्याशी आहे. मुंबई-पुण्यात माणूस फोटो काढतो तो चेहऱ्यासाठी. यवतमाळ जिल्ह्यात निम्मे फोटो काढले जातात ते मागच्यासाठी. घरकुलाचा हप्ता हवा तर पाया दिसला पाहिजे, मग भिंती, मग छत; पुढे उभा असलेला लाभार्थी ही नुसती सोबत. रोजगार हमीच्या मजुरांचा फोटो, मागे खोदलेलं काम. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे आपल्याच शेतात उभं राहून, आपल्याच मोबाईलवर, आपल्याच पिकाचा फोटो. सरकारला माणसाचं तोंड नको आहे. ते निवडणुकीत पुष्कळ पाहिलेलं असतं. त्याला मागचं हवं आहे, आणि ब्लरभाऊ नेमकं तेच ठेवत नाही.

एका शेतकऱ्याच्या वावरात ओढ्याचं पाणी शिरलं. कपाशी गुडघाभर चिखलात आडवी. विम्याला तेव्हा 72 तासांत कळवावं लागे, ते त्यानं फोनवर कळवलं. वर अर्जाला लावायला म्हणून चांगला कागदी फोटो हवा होता. ब्लरभाऊ मोटारसायकलवरून गेला, चिखलात पँट वर करून उतरला, मनापासून फोटो काढला. त्याच्या कामात आळस नाही, हे म्हटलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी प्रिंट मिळाली. शेतकरी पुढे ताठ, चेहरा उजळ, डोळ्यांत चमक. मागे हिरवा आणि तपकिरी असा गुळगुळीत रंग, थेट महाबळेश्वर. कार्यालयातल्या बाबूनं फोटो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “काका, सहलीले गेलते का?”

तसंच शकुंतलेचं. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला येणारी ही छोटी गाडी. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं. गाडी बंद पडली तरी रूळ आणि मोतीबागेचं स्टेशन बघायला बाहेरगावचे हौशी लोक कॅमेरे घेऊन येतात. अशा एका पाहुण्यानं स्टेशनपुढे उभं राहून ब्लरभाऊकडून फोटो काढून घेतला आणि घरी जाऊन उघडला. पाहुणा स्वच्छ. स्टेशनाचा पत्ता नाही. त्यानं फोन केला तेव्हा ब्लरभाऊ म्हणाला, “जुनं होतं जी मागचं. बरं नव्हतं दिसत.”

कवी मंडळीही यातून सुटली नाहीत. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. आमच्याकडच्या एका कवीनं तिथे मांडवाच्या कमानीपुढे उभं राहून फोटो काढून घेतला होता. दोन-तीन वर्षांनी तो मोठा करून फ्रेम करायला स्टुडिओत दिला. म्हातारा त्या दिवशी बाहेरगावी. फ्रेम तयार झाली ती कमान, अक्षरं, गर्दी सगळं उडवून. कवी दिवाणखान्यात ती लावून बसलेत. दुसरे कवी येतात, फोटोपुढे थांबतात, “कोणत्या लग्नातला हो?” विचारतात आणि चहा घेऊन जातात.

फ्लेक्सवाल्यांनी मात्र त्याला महिन्याभरात हाकललं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेता मोठा आणि मागे चाळीस कार्यकर्ते बारीक गोलांत, असा रिवाज. त्यानं चाळीसच्या चाळीस धूसर केले. प्रत्येक गोलाचे पैसे घेतलेले होते.

एवढं होऊनही त्याचा उत्साह तसूभर कमी झाला नाही, तो मामांपर्यंत. उन्हाळ्यात एक लग्न होतं, यवतमाळ रोडच्या एका लॉनवर. मुलीचे मामा दिग्रसचे. मंगलाष्टकं चालली असताना मामा भाचीच्या मागे उभा राहतो. त्यासाठीच तर मामा असतो. या मामांनी भाचीला आंदणात कपाट दिलं होतं, नवं जॅकेट शिवलं होतं, आदल्या रात्री केस काळे करून घेतले होते, आणि भर बाराच्या उन्हात शेवटच्या ‘सावधान’पर्यंत ते मान न हलवता उभे राहिले. मॉडेलनं माणूस म्हणून सगळेच सोडले असते, म्हणून ब्लरभाऊनं पुन्हा जुनी चौकट आखली, ती नवरा-नवरीभोवती. मामा चौकटीबाहेर.

करिझ्मा अल्बम घरी आला. जाड पानं, वर चमचमतं आवरण. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत भाची होती, जावई होता, दोघांच्या मुंडावळ्यांचा मोतीन्‌मोती होता. भाचीच्या मागे एक उभा तपकिरी ढग होता. त्याला मिशी नव्हती.

मामांनी बहिणीला फोन केला. एवढंच विचारलं, “मी लग्नाले होतो का नव्हतो?” आणि ठेवला. पाचपरतावनाला आले नाहीत. आखाडीला बोलावणं गेलं, आले नाहीत. मध्यस्थ गेले तर मामा त्यांच्यापुढे अल्बम टाकत आणि विचारत, “दाखवा, मी कुठी हाय?” मध्यस्थ बोट ढगावर ठेवत आणि आणखी पंचाईत होई.

शेवटी नवरीचा बाप स्टुडिओत आला. “मामा परत स्पष्ट कर.”

ब्लरभाऊ खुर्चीत सरकला. मूळ फोटो ज्या कार्डात होते ते पुढच्या लग्नाला फॉरमॅट झालेलं. उरला होता तो पुसलेला मामा. “काका, होत नाही थे. आता बघा, दोन आकड्यायची सरासरी पाच आली. मूळचे चार आन् सहा होते, का दोन आन् आठ होते, का एक आन् नऊ, हे आता कसं सांगू?”

काकांनी ऐकून घेतलं. “मामा एकच होता,” ते म्हणाले. “त्याची सरासरी कोणं काढाले सांगितली तुले?”

मार्ग म्हाताऱ्यानं काढला. काउंटरमागूनच म्हणाला, “त्यायले बोलाव. पडद्यापुढं उभा कर. कापून लाव.” पन्नास वर्षांपूर्वी त्यानं कैचीनं असे कितीतरी गैरहजर मामा हजर केले होते.

मामा दिग्रसच्या सकाळच्या एसटीनं आले. जॅकेट पिशवीत घडी करून आणलं होतं. काश्मीरच्या तळ्यापुढे उभे राहिले. ब्लरभाऊनं लाइट लावले, मामांनी छाती भरून घेतली, म्हाताऱ्यानं हनुवटी दोन बोटं वर करवली. मग दुपारभर ब्लरभाऊ मामा कापत बसला. मिशीचा केसन्‌केस सोडवला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला तरी मागे आणून बसवत होता, आणि म्हातारा स्टूल ओढून त्याच्या खांद्यामागे येऊन बसला होता. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, पण एकदा म्हाताऱ्यानं पडद्यावर बोट ठेवलं आणि पोरानं तिथली कड मऊ केली.

जमलं ते असं. लग्नात ऊन डोक्यावरचं, मामांवर उजेड उजव्या बाजूचा. लग्नात मामांचे केस काळे होते, आता मुळाशी पांढरे. माप थोडं चुकलं, म्हणून मागे उभे असूनही मामा नवरदेवापेक्षा दीड डोकं उंच. आणि मामांना ब्लर मारायची हिंमत कुणाची नव्हती, त्यामुळे पूर्ण फोटोत सगळ्यात ठळक तेच. जॅकेटाची शिवण मोजता यावी इतके.

ब्लरभाऊनं प्रिंट पुढे केली आणि जन्मात पहिल्यांदा समोरच्याच्या मागे न बघता तोंडाकडे बघत राहिला. मामांनी फोटो हात लांब करून धरला, जवळ आणला, चष्मा वर केला, पुन्हा लांब धरला. बराच वेळ गेला.

“आता बरोबर हाय,” मामा म्हणाले. “फकस्त हे पुढचे दोघं आडवे येऊन रायले. त्यायले जरासा ब्लर मार.”